चेन रूल: 'कशाच्या सापेक्ष' आणि 'कुठे'

"बाहेरच्याचं डेरिव्हेटिव्ह घ्या, आतलं तसंच ठेवा, मग आतल्याच्या डेरिव्हेटिव्हने गुणा." बहुतेकांना चेन रूल, म्हणजे एका फंक्शनच्या आत दुसरं फंक्शन असताना डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम, या एका वाक्यात पाठ असतो आणि साध्या गणितांना तेवढं पुरतंही. पण गणित जरा वाकडं आलं, म्हणजे वायमध्ये एक्स दडलेला असला किंवा दुसरं डेरिव्हेटिव्ह काढायचं असलं, की हेच वाक्य दगा देतं. माझ्या मते दोष नियमाचा नाही. नियम अगदी सरळ आहे. घोळ होतो तो चिन्हांमुळे. डेरिव्हेटिव्ह लिहायच्या दोन प्रमुख पद्धती आहेत आणि दोन्ही काहीतरी न सांगता सोडून देतात. एक पद्धत 'कुठे' ते सांगत नाही, दुसरी 'कशाच्या सापेक्ष' ते सांगत नाही. चेन रूलला नेमक्या या दोन्ही गोष्टी एकदम लागतात.

आधी डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते पक्कं करू. आत जाणारी संख्या किंचित बदलली की बाहेर येणारी संख्या त्या बदलाच्या किती पट बदलते, तो पट म्हणजे डेरिव्हेटिव्ह, म्हणजेच विकलज. वर्ग करणारं फंक्शन घ्या. ३ चा वर्ग ९, ३.००१ चा वर्ग ९.००६००१. आत ०.००१ ची भर पडली, बाहेर साधारण ०.००६ ची. म्हणजे सहापट. हाच पट ५ पाशी काढला तर दहा येतो. एक्सपाशी तो २एक्स. थोडक्यात, हा पट जागेगणिक बदलतो. हे 'जागेगणिक' नीट लक्षात राहू द्या, कारण पुढची अर्धी गडबड ते विसरल्यामुळेच होते.

आता दोन फंक्शन्स एकापुढे एक लावू:

यू = एक्स² + १
वाय = यू³

एक्स २ असताना यू ५ येतो आणि वाय १२५. एक्सला जरासा धक्का देऊन २.००१ करू. यू होतो ५.००४००१. म्हणजे पहिल्या टप्प्यात बदल साधारण चौपट झाला, आणि ते बरोबरच आहे, कारण एक्स² + १ चं डेरिव्हेटिव्ह २एक्स, आणि २ पाशी ते ४. हा ०.००४ चा बदल आता दुसऱ्या टप्प्यात शिरतो. घनाचं डेरिव्हेटिव्ह ३यू². इथे यू २ नाही, ५ आहे, म्हणून पट येतो ३ × २५ = ७५. ०.००४ ची पंचाहत्तरपट म्हणजे ०.३. प्रत्यक्ष घन करून पाहिला तर १२५.३००३ च्या आसपास येतो. एकूण पट ४ × ७५ = ३००.

चेन रूल एवढाच आहे. पटीवर पट लागला की दोन्ही पटांचा गुणाकार होतो. शंका असेल तर कंस सोडवून बघा. (एक्स² + १)³ म्हणजे एक्स⁶ + ३एक्स⁴ + ३एक्स² + १. त्याचं डेरिव्हेटिव्ह ६एक्स⁵ + १२एक्स³ + ६एक्स, आणि २ पाशी त्याची किंमत १९२ + ९६ + १२, म्हणजे ३००.

या उदाहरणात दोन चुका हटकून होतात. पहिली सगळ्यांना माहीत असते: आतल्याच्या डेरिव्हेटिव्हने गुणायचं राहून जातं आणि उत्तर ७५ येतं. दुसरी जास्त फसवी. ३यू² मध्ये यूच्या जागी ५ ऐवजी एक्सची किंमत २ घातली जाते, १२ येतात, मग १२ × ४ = ४८. गुणाकार झाला, नियम 'वापरला', तरी उत्तर चुकलं, कारण बाहेरच्या फंक्शनचा पट चुकीच्या जागी मोजला. घन करणाऱ्या फंक्शनला एक्स माहीतच नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो ५.

एकाच गोष्टीची दोन लिखाणं

चेन रूल पुस्तकांत दोन रूपांत दिसतो.

डीवाय/डीएक्स = डीवाय/डीयू × डीयू/डीएक्स

हे सतराव्या शतकातल्या लाइब्निझ या जर्मन गणितज्ञाचं रूप. १६७५ च्या नोव्हेंबरमधल्या त्याच्या हस्तलिखितांत डीएक्स, डीवाय ही चिन्हं दिसतात, आणि १६८४ मध्ये ती छापून जगासमोर आली. १६७६ च्या एका टिपणात त्याने ए + बीझेड + सीझेड² या राशीच्या वर्गमुळाचं डेरिव्हेटिव्ह काढलं आहे: आत एक राशी, बाहेर वर्गमूळ. चेन रूलचा हा सगळ्यात जुना ज्ञात वापर मानतात. त्यात अधिक-उणेची एक चूकही राहिली आहे.

दुसरं रूप असं:

(एफ(जी(एक्स)))′ = एफ′(जी(एक्स)) × जी′(एक्स)

वर्गात याला 'एफ डॅश' म्हणतात. ही डॅशची पद्धत लाग्रांज या गणितज्ञामुळे रुजली; त्याचा १७९७ मधला फंक्शन्सवरचा ग्रंथ तिचा मोठा आधार ठरला.

दोन्ही रूपं एकच गोष्ट सांगतात, पण त्यांचं जगाकडे बघणं वेगळं आहे. आणि मला वाटतं, हा फरक एकदा कळला की बाकीच्या बऱ्याच गाठी आपोआप सुटतात. लाइब्निझच्या लेखी एक्स, यू, वाय या राशी आहेत: लांबी, वेळ, घनफळ अशा बदलणाऱ्या गोष्टी. एक राशी बदलली की दुसरी बदलते, आणि तो विचारतो की या बदलांचं गुणोत्तर काय. त्याच्या लिखाणात 'कशाच्या सापेक्ष' हे खाली स्वच्छ लिहिलेलं असतं. डीवाय/डीयू आणि डीवाय/डीएक्स यांत गल्लत व्हायचं कारण नाही. पण डीवाय/डीयू हे यूच्या कोणत्या किमतीपाशी काढायचं, ते तिथे लिहिलेलं नसतं. ते आपणच लक्षात ठेवायचं. वरची ४८ ची चूक इथून येते.

लाग्रांजच्या लेखी एफ हा एक नियम आहे, आत काहीतरी घेऊन बाहेर काहीतरी देणारा. त्या नियमाला आत येणाऱ्या अक्षराशी काही घेणंदेणं नाही. एफ(यू) = यू³ म्हणा नाहीतर एफ(टी) = टी³, एफ तोच. एफ′ हाही एक नवा नियमच: आत संख्या द्या, तिथला पट मिळतो. म्हणून 'कुठे' हे कंसात ठसठशीत दिसतं: एफ′(जी(एक्स)), म्हणजे एफचा पट, जी(एक्स) या जागी. पण 'कशाच्या सापेक्ष' हे चिन्ह बोलत नाही. एफ′ म्हणजे नेहमीच एफच्या आत जे येतं त्याच्या सापेक्ष. ते एक्स असेलच असं नाही.

म्हणूनच पुढच्या दोन गोष्टी दिसायला सारख्या आणि अर्थाने वेगळ्या आहेत. एफ साइन आहे असं धरू; त्याचं डेरिव्हेटिव्ह कॉस. एफ′(२एक्स) म्हणजे कॉस २एक्स: आधी एफचं डेरिव्हेटिव्ह घेतलं, मग त्यात २एक्स घातलं. आणि (एफ(२एक्स))′ म्हणजे २ कॉस २एक्स: आधी २एक्स घातलं, मग एक्सच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेतलं. डॅश कंसाच्या आत आहे की बाहेर, यावर एका गुणकाचा फरक पडतो. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे एफ′(३) आणि (एफ(३))′. पहिलं ३ पाशी मोजलेला पट. दुसरं एका स्थिर संख्येचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे शून्य. हे उदाहरण हाताने लिहून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाय या अक्षरातही एक मेख आहे. वाय = यू³ लिहिताना वाय यूवर अवलंबून असतो, वाय = (एक्स² + १)³ लिहिताना तोच वाय एक्सवर. लाइब्निझच्या नजरेने दोन्हीकडे राशी एकच: १२५ म्हणजे १२५. लाग्रांजच्या नजरेने मात्र ही दोन वेगळी फंक्शन्स आहेत, एक नुसतं घन करणारं आणि एक आधी वर्ग करून, एक मिळवून मग घन करणारं. म्हणून 'वाय′' असं नुसतं लिहिलं की वाचणारा बुचकळ्यात पडतो. अशा वेळी डी वापरावा, डॅश टाळावा.

तिसरी एक पद्धत न्यूटनची: अक्षरावर ठिपका. तो ठिपका नेहमी काळाच्या सापेक्ष. यामिकीत तो आजही चालतो, कारण तिथे 'कशाच्या सापेक्ष' हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. पण साखळीत दोन-तीन राशी आल्या की ठिपका अपुरा पडतो. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकभर न्यूटनच्या आदरापोटी ठिपके चालले. शेवटी १८१२ मध्ये केंब्रिजमधल्या बॅबेज, हर्शेल, पीकॉक या तरुणांनी खास मंडळ काढून लाइब्निझच्या डीसाठी खटपट केली. चिन्ह बदलणं म्हणजे विचार करायची सोय बदलणं, हे त्यांना पुरतं उमगलं होतं.

फुगा

'कुठे' किती महत्त्वाचं आहे ते एका गोल फुग्यावर छान दिसतं. त्रिज्या आर असेल तर घनफळ व्ही = ४/३ पाय आर³. त्रिज्येच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह ४ पाय आर², म्हणजे फुग्याचं पृष्ठफळच. आता त्रिज्या काळाबरोबर वाढते आहे:

डीव्ही/डीटी = ४ पाय आर² × डीआर/डीटी

त्रिज्या सेकंदाला अर्धा सेंटीमीटर वाढते असं धरा. आर १० सेंटीमीटर असताना हवा भरण्याचा वेग ४ पाय × १०० × ०.५, म्हणजे सेकंदाला साधारण ६२८ घन सेंटीमीटर. आर २० झाल्यावर तोच वेग सुमारे २५१३. त्रिज्या वाढण्याचा वेग दोन्ही वेळा तोच, सूत्र तेच, पण जागा बदलली म्हणून पट चौपट झाला.

उलटीकडून बघा. पंप दर सेकंदाला ५०० घन सेंटीमीटर हवा एकसारखी भरतो आहे. मग डीआर/डीटी म्हणजे ५०० भागिले ४ पाय आर². आर ५ असताना त्रिज्या सेकंदाला सुमारे १.६ सेंटीमीटर वाढते, आर २० असताना जेमतेम ०.१. पंपाचा वेग कमी न होताही फुगा हळू फुगताना दिसतो, तो यामुळे. एका टप्प्याचा पट डोळ्यांदेखत बदलत असतो.

साइनचा कोन अंशांत घेतला तर डेरिव्हेटिव्हमध्ये पाय/१८० हा गुणक येतो, तोही चेन रूलच. अंशांचं रेडियन करणं हा आतला टप्पा, आणि त्याचा पट पाय/१८०. रेडियन वापरायचे ते हा गुणक टाळण्यासाठी.

डीयू 'कटतो' का?

लाइब्निझचं रूप पाहून वाटतं की वरचा डीयू आणि खालचा डीयू एकमेकांना छेद देऊन गेले, झालं. या मोहाकडे जरा थांबून बघायला हवं, कारण तो निम्मा खरा आहे.

बदल छोटे पण शून्य नसलेले असतील, तर ते खरेच अपूर्णांक असतात. वायमधला बदल भागिले यूमधला बदल, गुणिले यूमधला बदल भागिले एक्समधला बदल. इथे छेद देणं पूर्ण वैध आहे. ०.३००३ भागिले ०.००४००१ आणि ०.००४००१ भागिले ०.००१: मधली संख्या निघून जाते. मग लिमिट घ्यायची, म्हणजे बदल शून्याकडे नेत गेल्यावर ही गुणोत्तरं कशाकडे जातात ते बघायचं, आणि दोन पटांचा गुणाकार उरतो.

अडचण एकच. एक्स बदलला तरी यू न बदलणं शक्य आहे. मग यूमधला बदल शून्य होतो आणि शून्याने भागायची वेळ येते. यू स्थिर असेल तर प्रकरण सोपं आहे, पण याहून चिवट फंक्शन्स असतात. एक्स² × साइन (१/एक्स) हे फंक्शन घ्या, शून्यापाशी त्याची किंमत शून्य धरून. शून्याच्या कितीही जवळ जा, ते पुन्हा पुन्हा नेमकं शून्य होत राहतं. तिथे 'छेद द्या आणि लिमिट घ्या' ही सिद्धता कोसळते.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. भागायचंच नाही, गुणाकाराच्या भाषेत बोलायचं. यूपाशी एफचं डेरिव्हेटिव्ह असणं याचा अर्थ असा घ्यायचा:

वायमधला बदल = (एफ′(यू) + एक किरकोळ चूक) × यूमधला बदल

आणि यूमधला बदल शून्याकडे गेला की ही किरकोळ चूकही शून्याकडे जाते. यूमधला बदल शून्यच असला तरी हे समीकरण खरं राहतं: डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य, चूकही शून्य धरा. आता दोन्ही बाजूंना एक्समधल्या बदलाने भागा. तो शून्य नाही, कारण एक्स आपण स्वतः हलवला आहे. लिमिट घेतली की एफ′(यू) × जी′(एक्स) हातात येतं. सिद्धता संपली, आणि शून्याने भागायची वेळ कुठेच आली नाही.

डी म्हणजे अपूर्णांक हा समज कुठे साफ फसतो ते दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये दिसतं. आपल्याच उदाहरणात डी²वाय/डीयू² = ६यू, म्हणजे ५ पाशी ३०. अपूर्णांकाच्या चालीने गेलं तर डी²वाय/डीएक्स² = ३० × ४² = ४८० यायला हवं. पण कंस सोडवलेल्या सूत्राचं दुसरं डेरिव्हेटिव्ह ३०एक्स⁴ + ३६एक्स² + ६, आणि २ पाशी ते ४८० + १४४ + ६ = ६३०. हे १५० कुठून आले? एक्स हलला की दोन गोष्टी बदलतात: बाहेरचा पट ७५ बदलतो, आणि आतला पट ४ हादेखील बदलतो. दोन फंक्शन्सच्या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम (प्रॉडक्ट रूल) लावला की पूर्ण सूत्र मिळतं:

डी²वाय/डीएक्स² = डी²वाय/डीयू² × (डीयू/डीएक्स)² + डीवाय/डीयू × डी²यू/डीएक्स²

दुसरं पद ७५ × २ = १५०. हिशेब जुळला.

अव्यक्त समीकरणांत, म्हणजे जिथे वाय एका बाजूला वेगळा काढलेला नसतो तिथे, 'वाय²चं डेरिव्हेटिव्ह २वाय गुणिले डीवाय/डीएक्स का?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो. एक्स² + वाय² = २५ या वर्तुळावर एक्सच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेतो आहोत. एक्स² हे थेट एक्सचं फंक्शन. वाय² मात्र दोन टप्प्यांचं: एक्स बदलला की वर्तुळावर राहण्यासाठी वाय बदलतो, आणि मग त्याचा वर्ग बदलतो. २वाय हा बाहेरचा पट, डीवाय/डीएक्स हा आतला. २एक्स + २वाय × डीवाय/डीएक्स = ० वरून (३, ४) या बिंदूपाशी चढ उणे ३/४ येतो. एक्स²लाही हाच नियम लावता येतो, फक्त तिथे आतला पट डीएक्स/डीएक्स, म्हणजे १.

एकाहून जास्त वाटा

राशी अनेक झाल्या की ∂ हे वळणदार चिन्ह येतं. त्याचा अर्थ: बाकीच्या राशी स्थिर धरून फक्त एकीला हलवा. झेड हा यू आणि व्ही दोन्हींवर अवलंबून, आणि दोन्ही टीवर, तर टीचा धक्का झेडपर्यंत दोन वाटांनी पोचतो. प्रत्येक वाटेवरचे पट गुणायचे, आणि वाटांची बेरीज करायची:

डीझेड/डीटी = ∂झेड/∂यू × डीयू/डीटी + ∂झेड/∂व्ही × डीव्ही/डीटी

इथे 'कटवा' म्हटलं तर उजवीकडे डीझेड/डीटी दोनदा येईल, म्हणजे दुप्पट. ∂ कटत नाही, याचं याहून छोटं उदाहरण: एक्स + वाय + झेड = ०. ∂एक्स/∂वाय उणे १, ∂वाय/∂झेड उणे १, ∂झेड/∂एक्स उणे १. तिघांचा गुणाकार उणे १. छेद देऊन मोकळे झालो असतो तर अधिक १ आला असता. कारण प्रत्येक ∂ मध्ये स्थिर धरलेली राशी वेगळी आहे, आणि चिन्ह ते सांगत नाही. म्हणून उष्मागतिकीत कंसाच्या पायाशी 'काय स्थिर आहे' ते लिहायची पद्धत पडली.

आजच्या न्यूरल नेटवर्कचं, म्हणजे उदाहरणांवरून स्वतःमधले आकडे सुधारत जाणाऱ्या संगणकी रचनेचं, शिकणं याच नियमावर उभं आहे. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखाने प्रसिद्धीला आणलेली बॅकप्रोपगेशनची पद्धत म्हणजे लांबलचक साखळीवर लावलेला चेन रूल, फक्त गुणाकार शेवटाकडून सुरुवातीकडे करायचा. गुणाकार कोणत्याही टोकाकडून केला तरी उत्तर तेच येतं, मग शेवटाकडूनच का? कारण सगळ्यात शेवटी एकच संख्या असते, ती म्हणजे चूक किती झाली याचं माप. त्या टोकाकडून निघालं की एका परतीच्या फेरीत सगळ्या कोट्यवधी आकड्यांच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह मिळतात. सुरुवातीच्या टोकाकडून निघालो असतो तर प्रत्येक आकड्यासाठी वेगळी फेरी करावी लागली असती. मात्र परतीच्या फेरीत प्रत्येक टप्प्याचा पट त्या टप्प्यावर आत आलेल्या नेमक्या किमतीपाशी काढावा लागतो, जसा घनाचा पट ५ पाशी काढला तसाच. म्हणून सुरुवातीकडून शेवटाकडे जाताना मधल्या सगळ्या किमती साठवून ठेवाव्या लागतात. मोठं नेटवर्क शिकवताना संगणकाची मेमरी भरून जाते, त्याचं एक मोठं कारण हे आहे. मेमरी कमी पडली तर काही टप्प्यांच्याच किमती ठेवतात आणि मधल्या परत येताना नव्याने मोजतात: वेळ जास्त जातो, पण पट योग्य जागी काढला जातो.